जोडणी समोरून तुटली

निवेदिता आगाशेचा योगायोगावर विश्वास नव्हता. साखरेचा डबा ओट्याच्या डावीकडून उजवीकडे गेलेला दिसला, तर तो कुणी आणि का हलवला हे कळेपर्यंत तिला चहा गोड लागत नसे. नवरा म्हणायचा, तू पोलिसात जायला हवी होतीस. ती सॉफ्टवेअरमध्ये गेली. तिथे हा स्वभाव नुसता खपून गेला नाही, त्याचा पगार मिळू लागला.

बहारीनमध्ये तिची कंपनी सुपरमार्केटांना थंड माल पुरवायची. दही, लोणी, चीज, फ्रोझन पराठे, असलं सगळं. हेड ऑफिस मनामात, गोदाम सलमाबादला. ऑर्डर हेड ऑफिसच्या सर्व्हरवर यायची आणि माल गोदामातून निघायचा. हे दोन सर्व्हर एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये एक ब्रोकर होता. ब्रोकर म्हणजे जावामध्ये लिहिलेला एक प्रोग्राम, काम निरोप्याचं. इकडचा निरोप घ्यायचा, तिकडे पोचवायचा आणि पोचल्याचं परत येऊन सांगायचं. ब्रोकर हेड ऑफिसात होता, तो निवेदिताच्या ताब्यात. गोदामाच्या बाजूचा प्रोग्राम आकिब मुकादमच्या ताब्यात. दोघं बसत मात्र सलमाबादलाच, गोदामाच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर, कारण हेड ऑफिसात जागा नव्हती.

आकिब रत्नागिरीचा. कंपनीत निवेदिताच्या आधीपासून होता. उंच, थोडा वाकून चालणारा, बोलणं कमी. त्याची बायको खदिजा नारळाच्या दुधातली सांदणं करायची आणि निवेदिता मासे-मटण खात नाही म्हणून तिच्यासाठी एक छोटा डबा वेगळा पाठवायची. त्यांची मुलगी तूबा यंदा दहावीला. दर शनिवारी ती बुदैयाला निवेदिताच्या घरी गणित शिकायला यायची. निवेदिता मराठीत समजावायची, तूबा इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि गणित मात्र बरोबर यायचं. थोडक्यात, दोन्ही घरांचं बरं चाललं होतं.

मग नोव्हेंबरात तो एरर सुरू झाला.

दुपारच्या सुट्टीनंतर गोदामातून निघणारा पहिलाच निरोप अडकायचा. थोडा वेळ काहीच घडायचं नाही. मग पडद्यावर लाल अक्षरं यायची, 'कनेक्शन रीसेट बाय पीअर'. म्हणजे, जोडणी समोरच्याने तोडली. आकिब त्याचा प्रोग्राम बंद करून परत सुरू करायचा आणि सगळं सुरळीत व्हायचं. पण तोवर मालाची चलनं छापली जायची नाहीत, धक्क्यावर ट्रकांची रांग लागायची, आणि दही बिचारं कोमट होऊन सुपरमार्केटच्या दारातून परत यायचं. सुपरमार्केटवाले आधी कुरकुरले, मग ओरडले, मग त्यांनी थेट मालकांना फोन केला.

निवेदिताने रीतीप्रमाणे सगळं तपासलं. ब्रोकरची मेमरी, डिस्क, जावाची आवृत्ती, युजरचे हक्क. सगळं जागेवर. नेटवर्क आणि मधली फायरवॉल, म्हणजे निरोपांची ये-जा तपासणारा नाका, बघणाऱ्या चिरागला विचारलं, "फायरवॉलवर काही बदललंय का?"

"एक रूल पण चेंज नाही केला, निवेदिता," चिराग म्हणाला. "तुम्ही लोक काही झालं की नेटवर्कच्या गळ्यात टाकता. लॉग बघ, एक पण पॅकेट ब्लॉक नाही."

तिने लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, पाहिला. खरंच एकही अडवलेलं दिसत नव्हतं.

मग तिने एररच्या वेळा काढून आलेख केला, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. वेळ सरकत होती. नोव्हेंबरात एरर जरा लवकर यायचा, डिसेंबरात त्याहून उशिरा, जानेवारी संपत आली तेव्हा जवळजवळ अर्धा तास पुढे गेला होता. एखाद्या दिवशी तर यायचाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मशीनला नेमून दिलेलं काम नेमल्या वेळी होतं. असं दबकत दबकत पुढे सरकत नाही, आणि मनाला येईल तेव्हा सुट्टीही घेत नाही.

सरकतं काय, हे तिला काचेतून खाली बघताना कळलं. गोदामाची सुट्टी घड्याळावर नव्हती. फार जुनी पद्धत होती ती. शेजारच्या मशिदीत जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अझान झाली की पट्टे थांबायचे आणि हातातले स्कॅनर चार्जरवर चढायचे. नमाजवाले मशिदीत जायचे, बाकीचे आपापले डबे उघडायचे. आणि जुहरची वेळ सूर्यावर ठरते, या दिवसांत ती रोज थोडी थोडी पुढे जाते. तिने मशिदीच्या वेळा आलेखावर मांडल्या. दोन्ही रेषा बरोबर चालल्या होत्या. सूर्याकडे बघून बिघडणारा सर्व्हर निवेदिताने तरी आजवर पाहिला नव्हता.

सुट्टी सगळ्यांचीच सरकते, हे तिलाही दिसत होतं. पण त्या वेळी जिना उतरणाऱ्या माणसांपैकी गोदामाच्या सर्व्हरचा पासवर्ड एकालाच ठाऊक होता. अझान झाली की तो उठायचा. परत यायचाही सगळ्यांच्या आधी. आल्या आल्या पहिला निरोप तोच पाठवायचा, आणि एरर त्यालाच दिसायचा. मग तोच तो सोडवायचा.

"रोज तुम्हालाच कसा सापडतो हो एरर?" तिने एकदा हसत हसत विचारलं.

"पयला मीच येतो ना वर," आकिब म्हणाला. "माणसं कामाला लागायच्या आधी एक निरोप सोडून बघतो. अडकला तर आपल्यालाच कळलेला बरा."

उत्तर सरळ होतं. निवेदिताला सरळ उत्तरं फारशी आवडत नसत.

कारणही तिने शोधून काढलं. गोदामाचा जुना प्रोग्राम काढून नवीन तयार सिस्टिम घ्यायची, असं वरच्या लोकांत चाललं होतं. ती निवडायच्या समितीवर निवेदिता स्वतः होती. नवीन आली की जुन्याची काळजी घेणारा माणूस कशाला हवा? आणि त्या माणसाला आपण हवेसे वाटायचं असेल, तर जुनं रोज थोडं बिघडायला हवं, आणि ते त्यालाच दुरुस्त करता यायला हवं. हिशेब चोख जुळत होता. एकदा असा जुळला की निवेदिता तो मोडून बघत नसे.

आता फक्त रंगेहाथ पकडायचं राहिलं होतं. त्यासाठी तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला मनातल्या मनात 'पहारेकरी' म्हणू लागली. सुट्टी सुरू झाली की हा पहारेकरी गोदामाच्या त्याच जोडणीवरून दर मिनिटाला एक रिकामा निरोप पाठवायचा. गोदामाचा प्रोग्राम तो घ्यायचा आणि पोचल्याचं कळवायचा. ज्या मिनिटाला पोच येणार नाही, त्या मिनिटाला कुणीतरी जोडणी तोडली. त्या मिनिटाला आकिब कुठे होता, एवढंच मग बघायचं. आकिबला तिने सांगितलं नाही. त्याच्या बाजूच्या लॉगमध्ये ते रिकामे निरोप उमटणार होते, पण ज्याच्या मनात काही नाही तो कशाला तिथे डोकावेल?

रविवारी आठवडा सुरू झाला तसा पहारेकरी कामाला लागला. त्या दिवशी जोडणी तुटली नाही. सोमवारीही नाही. आठवडाभर एकदाही तुटली नाही. ट्रक वेळेवर सुटले, दही थंडच्या थंड पोचलं, आणि हेड ऑफिसातून शिरीषचा, म्हणजे दोघांच्याही साहेबांचा, फोन आला. "निवेदिता, काय केलंस? यल्ला, चल, पार्टी पाहिजे!"

तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. पहारा बसला आणि चोरी थांबली, याचा अर्थ एकच. चोराला पहाऱ्याचा वास लागला.

खात्री करायला पुढच्या रविवारी तिने पहारेकरी बंद केला. त्याच दुपारी, अझाननंतर, आकिब वर आला, त्याने पहिला निरोप सोडला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

आकिबने प्रोग्राम परत सुरू केला. काम मार्गी लागलं. मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. निवेदिताने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. 

"निवेदिता ताई," तो म्हणाला, "सुट्टीत तुमच्याकडनं तो रिकामा निरोप येत होता ना, दर मिनिटाला. तो बंद केलात काय?"

म्हणजे हा लॉग बघतो. म्हणजे याला सगळं ठाऊक आहे. ती पटकन म्हणाली, "कसला निरोप?"

"येत होता. गेला सगळा आठवडा."

"मला नाही माहीत. काहीतरी चाचणीचं असेल हेड ऑफिसचं."

आकिबने मान हलवली. "नाय, असाच विचारला," तो म्हणाला आणि खुर्ची परत वळवली.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या सर्व्हरचा पासवर्ड बदललेला होता. निवेदिताला तिथे फक्त बघायचा हक्क होता, तोही गेला. विचारलं तर आकिब म्हणाला, "सिक्युरिटी हो ताई. अधूनमधून बदललेला बरा." त्या दिवसापासून तो डबा घेऊन खाली ड्रायव्हरांत बसायला लागला. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. ती जवळून गेली की पडद्यावरची खिडकी मिटायचा. सांदणांचा डबा यायचा बंद झाला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते आता निवेदिताला नकाशावर दाखवता आलं असतं.

शिरीष मूळचा दादरचा, माणूस मोकळा, पण मालकांच्या फोनांनी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. निवेदिताने त्याला हेड ऑफिसात जाऊन गाठलं आणि आलेख पुढे ठेवला. एररची रेषा, जुहरची रेषा, मध्ये पहारेकऱ्याचा कोरा आठवडा.

शिरीषने ते दोनदा पाहिलं. "आकिब?" तो म्हणाला. "अगं, इतकी वर्षं ओळखतो मी त्याला."

"मीही ओळखते. त्याची मुलगी माझ्या घरी शिकते."

"मग तुला कळतंय ना तू काय म्हणतेयस? त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. रिन्यूअलचा कागद इथे, या ट्रेमध्ये पडलाय. मी सही नाही केली तर व्हिसा गेला. बायको, मुलगी, सगळ्यांचाच. आणि पोरीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय."

"म्हणून मी डोळे मिटून घ्यायचे?"

"तसं नाही गं. पण मालकांना नाव हवंय. मी नाव दिलं की त्या माणसाचं खलास. परत घेता येत नाही ते." शिरीषने कागद ट्रेमध्ये जरा खाली सरकवला. "गुरुवारी मी सलमाबादला येतो. त्याच्या समोर बोल. तोवर सही थांबवतो."

घरी जाताना, बुदैयाच्या रस्त्यावर खजुरांची बाग मागे पडत असताना, निवेदिताला तूबा आठवली. ही मुलगी गणित सोडवताना जीभ बाहेर काढायची आणि उत्तर बरोबर आलं की ओरडायची, "यस, आन्टी!" परीक्षेच्या तोंडावर तिला रत्नागिरीला परत जावं लागलं तर वर्ष वाया जाणार. निवेदिताला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून पुरावा बदलत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ज्या घराचा घास आपण हिरावणार त्याच घरच्या मुलीला समोर बसवून बीजगणित शिकवायचं, हेही तिला जमेना. तिने खदिजाला मेसेज केला, या शनिवारी जमणार नाही.

खदिजाचं उत्तर लगेच आलं. "काही हरकत नाही ताई. पुढच्या शनिवारी, इंशाल्ला."

निवेदिताने फोन उलटा ठेवला. या लोकांना काही कळलंय की काय, अशी तिला नवीनच शंका आली.

गुरुवारी सकाळी शिरीष आला. काचेच्या खोलीचं दार लावून घेतलं. खाली पट्टे चालू होते, फोर्कलिफ्टचा बीप बीप आवाज वर येत होता. शिरीषच्या बॅगेतून रिन्यूअलच्या कागदाचं टोक डोकावत होतं. ते तिघांनाही दिसत होतं.

"आकिब," शिरीषने सुरुवात केली, "या एररबद्दल निवेदिताने काही निरीक्षणं केली आहेत. ती तुझ्यासमोर बोलावीत असं मला वाटलं."

"माझी पण हायत, सर," आकिब म्हणाला. त्याने लॅपटॉप आधीच उघडून ठेवला होता. "आधी मी बोलू काय?"

निवेदिता मनात म्हणाली, तयारी करून आलाय. शिरीषने हात केला, बोल.

"एक आठवडा ताईंच्या ब्रोकरकडनं सुट्टीत दर मिनिटाला एक रिकामा निरोप येत होता," आकिब म्हणाला. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, सगळे इथे उमटलेत. त्या आठवड्यात लाइन एकदा पण तुटली नाय. मग रविवारी ताईंनी तो निरोप बंद केला. त्याच दुपारी लाइन तुटली. मी त्यांना विचारलं, बंद केलात काय. तर म्हणाल्या, कसला निरोप." तो शिरीषकडे वळला. "सर, ताईंना औषध सापडलं होतं. सापडलं, चाललं, आणि मग त्यांनी ते बंद केलं. मला म्हणाल्या, मला ठाऊकच नाय. मी काय समजायचा?"

"अहो, काहीतरीच!" निवेदिता ताडकन म्हणाली. "मी कशाला—"

"नवीन सिस्टिम घ्यायची हाय ना कंपनीला. समितीवर तुम्ही आहात. जुनं रोज बंद पडलं तर नवीन लवकर येईल." आकिबने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मला वाटलं, माझ्या सर्व्हरवर तुम्ही शिरता. म्हणून पासवर्ड बदलला मी. खदिजाला पण बोललो, त्यांच्या घरी पोरीला नको पाठवू. ती बोलली, ताई तशा नाहीत, त्या स्वतः नको बोलल्या तर गोष्ट वेगळी. आणि दोन दिवसांत तुमचा मेसेज आला, की या शनिवारी नको."

 निवेदिताने आणलेला आलेख तिच्या मांडीवर होता, आणि आकिबच्या पडद्यावरही तोच आलेख होता. तेच दिवस, तोच मधला कोरा आठवडा. त्यावरून तिने त्याला चोर ठरवलं होतं आणि त्याने तिला. आणि प्रामाणिकपणे बघितलं तर त्याची बाजू जास्त भक्कम होती, कारण खोटं ती बोलली होती.

"तो निरोप मी तुम्हाला पकडायला लावला होता," ती म्हणाली. "जोडणी कुठल्या मिनिटाला तुटते ते बघायला. ती तुटली नाही तर मला वाटलं, तुम्हाला सुगावा लागला."

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी तोडतो?"

"हो."

 शिरीषने दोघांचे लॅपटॉप शेजारी शेजारी ओढले. "मला तुमच्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला, "पण हे काय लिहिलंय ते वाचता येतं. हिचं मशीन म्हणतं, समोरच्याने तोडली. याचं मशीनही म्हणतं, समोरच्याने तोडली. एकाच वेळी. यातलं खोटं कोण बोलतंय?"

निवेदिता त्या दोन ओळींकडे बघत राहिली. इतके महिने तिने फक्त आपल्या बाजूची ओळ वाचली होती. आणि आकिबने त्याच्या बाजूची.

"कुणीच नाही," ती हळूच म्हणाली. मग एकदम जोरात, "शिरीष, कुणीच खोटं बोलत नाहीये! दर मिनिटाला बोलत होतो तेव्हा तुटली नाही. सुट्टीत सगळे गप्प असतात, तेव्हाच तुटते. आकिबभाई, मधल्या काही दिवशी एरर आलाच नव्हता. त्या दिवशी सुट्टीत काही माल गेला होता का?"

आकिबने पडदा वर सरकवला. "हॉस्पिटलची अर्जंट ऑर्डर," तो म्हणाला. "ही पण तीच. ही पण." तो खुर्चीतून पुढे झाला. "सुट्टीत निरोप गेला, त्या दिवशी तुटली नाय."

"मग मध्ये कोण आहे? चिरागला फोन लावा."

चिराग स्पीकरवर आला. प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच म्हणाला, "किती वेळा सांगू? एक रूल पण चेंज नाही केला."

"रूल सोड," निवेदिता म्हणाली. "फायरवॉल तीच आहे का?"

"तीच म्हणजे? बॉक्स नवीन आहे. ऑक्टोबरच्या एंडला बदलला ना. जुनेच रूल्स जसेच्या तसे टाकले."

निवेदिता फोनकडे वाकली. "चिराग," ती म्हणाली, "एखाद्या जोडणीवर बराच वेळ काहीच बोलणं झालं नाही, तर हा नवीन डबा काय करतो?"

"थांब." कीबोर्डचा आवाज आला. "हां, आयडल राहिली तर काढून टाकतो. जुना बॉक्स दिवसभर ठेवायचा, याचा टाइम एकदम कमी आहे. मग नंतर कोणी काही पाठवलं की दोन्ही साइडला रीसेट देतो."

"आणि हे लॉगमध्ये का नाही?"

"ते ब्लॉक थोडीच आहे? क्लीनिंग आहे. त्याचा लॉग नाही येत." मग चिराग म्हणाला, "मला बॉक्सचं कोणी विचारलंच नाही ना."

खरंच होतं ते. सगळ्यांनी त्याला विचारलं होतं, काही बदललंय का, आणि तो इमानदारीत रूल्सबद्दल उत्तर देत होता. अझान झाली की गोदाम गप्प व्हायचं. दोन्ही मशीनं उघड्या जोडणीच्या दोन टोकांना मुकाट बसायची. मधल्या डब्याला वाटायचं, इथे आता कुणी नाही, आणि तो जोडणी काढून टाकायचा. सुट्टी सूर्याबरोबर सरकायची म्हणून एररही सरकायचा. आणि आकिबचा अपराध एवढाच होता, की तो कामावर सगळ्यांच्या आधी परत यायचा.

इलाज दहा मिनिटांचाही नव्हता. ब्रोकरमध्ये हार्टबीट नावाची सोय होती. काम नसलं तरी दोन्ही टोकांनी अधूनमधून एकमेकांना विचारत राहायचं, आहेस ना? लाइन हळू होती त्या जमान्यात कुणीतरी ती बंद करून ठेवली होती. निवेदिताने तिच्या बाजूने चालू केली. आकिबने त्याच्या बाजूने चालू केली. त्या वेळी दोघांत जेवढं लागेल तेवढंच बोलणं झालं.

शिरीषने रिन्यूअलचा कागद काढला, तिथल्या तिथे सही केली आणि आकिबच्या हातात दिला. "खलास. विषय संपला," तो म्हणाला. कागद घेताना आकिबचे डोळे भरून आले. त्याने तोंड फिरवून खाली गोदामाकडे पाहिलं.

शिरीष गेल्यावर निवेदिता उठून त्याच्या टेबलाशी गेली. "चुकलं माझं, आकिबभाई," ती म्हणाली. आडवळण नाही, सबब नाही. तिला असं म्हणायची सवय नव्हती, त्यामुळे ते जरा मोठ्याने आलं.

"माझं पण चुकलंच की," आकिब म्हणाला. "मी पण तुमच्याबद्दल काय काय धरून बसलो होतो."

दोघंही खरं बोलत होते. निवेदिताला हायसं वाटलं. त्या संध्याकाळी तिने खदिजाला मेसेज केला, या शनिवारी तूबाला नक्की पाठव, दोन तास जास्त बसू. उत्तर या वेळी लगेच आलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर आलं. "शुक्रिया ताई. तिला आता इथेच जवळ क्लास लावला आहे. तुम्हाला कशाला उगाच त्रास." पुढे एक हसरा चेहरा होता. निवेदिताने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. त्यात संशय घ्यायला जागाच नव्हती.

पुढच्या आठवड्यात एरर आला नाही. ट्रक वेळेवर सुटत होते. आकिब परत वर बसून जेवायला लागला होता, तिच्याशी बोलतही होता, ट्रॅफिकबद्दल, थंडीबद्दल, अस्कर गावाकडे चालू असलेल्या रस्त्याच्या कामाबद्दल. निवेदिताने एक दिवस घरून भरल्या वांग्यांचा मोठा डबा आणला. अर्धी वांगी आकिबसाठी.

अझान झाली. खाली पट्टे थांबले, स्कॅनर चार्जरवर चढले. आकिब उठला. खिशातून फोन काढला, आपल्या पडद्यासमोर धरला आणि लाइन चालू असल्याचा फोटो काढला. कोपऱ्यातलं घड्याळ नीट आलंय ना ते बघितलं, आणि पुन्हा एक काढला. मग स्क्रीन लॉक केली.

निवेदिता वांग्यांच्या डब्याचं झाकण हातात धरून बघत होती. "आता कशाला हो, आकिबभाई?" ती म्हणाली. "आता नाही तुटत लाइन."

"लाइनीचं ठाऊक हाय ताई," आकिब म्हणाला. फोन खिशात टाकून तो जिना उतरून नमाजाला गेला.